दूरदर्शनचा डोळा आणि तो फिरवणारे हात

मंडळी, एक कोडं घालतो. दूरदर्शनची जुनी सुरुवात आठवा. काळोख्या पडद्यावर काहीतरी गोल गोल फिरतंय, शहनाईसारखे सूर हळूहळू वर चढतायत, आणि शेवटी ते फिरणारं सगळं जुळून एक डोळा तयार होतो. खाली "सत्यम् शिवम् सुंदरम्".

आता सांगा, ती धून कोणाची? पाचातले दोघं तरी पंडित रविशंकर म्हणतील, आणि ते बरोबरच आहे. त्यांच्याबरोबर शहनाईवादक उस्ताद अली अहमद हुसेन खाँ होते. बोधचिन्ह कोणाचं? एखादा जाणकार देवाशिष भट्टाचार्य हे नाव सांगेल. पण तो डोळा फिरवला कोणी? इथे सगळे गप्प.

हा प्रश्न मला पडण्याचं कारण अगदी घरगुती आहे. माझं पोटापाण्याचं काम बीडमध्ये बसून शीर्षकं बनवायचं. केबलवरच्या बातम्यांची, कीर्तनांच्या मालिकांची, कधी लग्नाच्या व्हिडिओची. अक्षरं उडत येतात, चित्र फिरतं, नाव झळकतं आणि दहा सेकंदांत खेळ खलास. आमचे थोरले काका गेली कित्येक वर्षं एकच विचारतात, "आरं, धा सेकंदाचं पैसं घेतूस व्हय तू?" दिवाळीत सगळे जमले की हा प्रश्न ठरलेला. त्यामुळे हे लिखाण खास करून काकांसाठी. (काका, चष्मा लावून वाचा, मोठं आहे.)

तर गोष्ट १९७० च्या दशकातली. दूरदर्शन तेव्हा स्वतंत्र नव्हतं, आकाशवाणीच्याच घरात राहणारं धाकटं भावंड होतं. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला प्रायोगिक सुरुवात झाली, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला आलं, पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला चित्र दिसायला लागलं. आणि १ एप्रिल १९७६ ला दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं. वेगळी चूल मांडली की दारावर वेगळी पाटी लागते. आकाशवाणीकडे १९३० च्या दशकापासूनची ओळखधून होती, वॉल्टर कॉफमन यांनी केलेली. युरोपातून हिटलरच्या भीतीने मुंबईत आलेला हा ज्यू संगीतकार, आणि त्याने शिवरंजनीच्या वळणाची धून केली, जी पुढे देशाने पहाटे पहाटे ऐकली. आमच्या आज्याचा दिवस परभणी केंद्रावर त्याच धुनेने सुरू व्हायचा. पण रेडिओला नुसते सूर पुरतात. टीव्हीला डोळ्यांसमोर काहीतरी हलतं लागतं.

ते काम अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेकडे, म्हणजे एनआयडीकडे गेलं. तिथे प्राध्यापक विकास सातवळेकर यांनी वर्गात हे काम विद्यार्थ्यांना दिलं. आठ विद्यार्थी आणि सहा शिक्षक यांची मिळून चौदा चिन्हं तयार झाली. त्यातून निवड झाली ती विद्यार्थी असलेल्या भट्टाचार्य यांच्या चित्राची, आणि निवडणाऱ्या होत्या खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधी. मधोमध एक गोळा आणि त्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना कवेत घेणारे दोन वक्र आकार. चीनमधल्या यिन-यांगची आठवण यावी असे. पाहिलं तर डोळा, नाही पाहिलं तर नुसती नक्षी.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते. मला ज्यात रस आहे ते याच्या पुढचं. कागदावर डोळा तयार आहे, पण तो निश्चल आहे. त्याला हलवायचं कसं? तेव्हा भारतात असल्या कामासाठी कॉम्प्युटर हाताशी नव्हता. हे काम केलं एनआयडीतच असलेल्या आर. एल. मिस्त्री यांनी. त्यांनी भट्टाचार्यांच्या रेखाटनांच्या प्रती घेतल्या, कॅमेऱ्याखाली ठेवल्या आणि थोड्या थोड्या फिरवत त्यांचं चित्रण केलं, ते फिरत फिरत शेवटचा डोळा जुळेपर्यंत. बस, एवढंच. आणि हे "एवढंच" म्हणजे किती, ते आता सांगतो.

आपल्याकडच्या टीव्हीवर सेकंदाला पंचवीस चित्रं जातात. सिनेमाच्या फिल्मवर चोवीस. म्हणजे दहा सेकंदांच्या शीर्षकाला अडीचशे चित्रं. एकच चित्र दोन दोनदा टिपून काम निम्मं करता येतं, तरी सव्वाशे उरतातच. त्या काळी या कामाला एक खास टेबल असायचं. वर छताकडून खाली रोखलेला कॅमेरा, खाली चित्र, दोन्ही बाजूंना दिवे. चित्र ठेवायचं, एक चौकट टिपायची, चित्र एखादा अंश फिरवायचं, पुन्हा एक चौकट. शेजारी एक तक्ता, त्यात प्रत्येक चौकटीत काय घडणार हे आधीच लिहून ठेवलेलं. ऐंशीव्या चौकटीला धक्का लागला, दिवा फडफडला, तर बहुतेक वेळा पुन्हा पहिल्यापासून. आणि काय जमलंय ते कळणार कधी? फिल्म धुऊन आल्यावर. माझ्यासारखं बटण दाबून लगेच पाहायची सोय नाही.

यातली खरी मेख वेगळीच आहे. प्रत्येक चौकटीत चित्र सारखंच फिरवलं तर पडद्यावर ते घड्याळाच्या काट्यासारखं निर्जीव दिसतं. जीव येतो तो अंतर कमी-जास्त करण्यातून. सुरुवातीला इतकं इतकंसं सरकवायचं, मधे मोठ्या ढांगा, शेवटी पुन्हा मुंगीच्या पावलांनी येऊन थांबायचं. शेताच्या टोकाला औत वळताना बैल जसे मंदावतात तसं. हे गणित कागदावर मांडता येतं, पण किती मंदावायचं हे हातालाच कळतं. आज माझ्या कॉम्प्युटरवर यासाठी तयार वक्ररेषा असते, ती ओढली की झालं. मिस्त्रींच्या पिढीला ती ओढ बोटांत ठेवावी लागत होती.

आणि वर संगीत. सूर कुठे चढतो, कुठे ठेहराव घेतो, ते सेकंदांत मोजून त्याच्या चौकटी कराव्या लागतात. शेवटचा स्वर विसावतो आणि डोळा जुळतो, हे योगायोगाने होत नसतं. आपल्या डोक्यात ते दोन्ही इतकं एकजीव झालंय की चित्र बघितलं की सूर ऐकू येतात आणि सूर ऐकले की चित्र फिरतं.

१ एप्रिल १९७६ ला हे पहिल्यांदा पडद्यावर आलं. कृष्णधवल, अर्थातच. रंग आले १९८२ च्या १५ ऑगस्टला, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या जरा आधी.

आता कोणी म्हणेल, यात बीडचा काय संबंध? संबंध आहे, पण वेगळ्या टोकाने. आम्ही होतो बघणाऱ्यांच्या शेवटच्या रांगेत. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं वर्षभर "साइट" नावाचा प्रयोग झाला. अमेरिकेचा उपग्रह घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत थेट टीव्ही दाखवला गेला. महाराष्ट्र त्यात नव्हता. कर्नाटकातले गुलबर्गा, विजापूर, रायचूर हे जिल्हे होते. म्हणजे उस्मानाबाद (आताचं धाराशिव) ओलांडलं की पलीकडच्या खेड्यात लोक टीव्ही बघत होते, आणि आमच्याकडे अजून त्याचं नाव नव्हतं. निजामाच्या राज्यात गुलबर्गा, रायचूर आणि आम्ही एकत्रच होतो, पुढे १९५६ ला राज्यं वेगळी झाली आणि टीव्ही त्यांच्या वाट्याला आला. असो.

या प्रयोगासाठी मुलांचे कार्यक्रम करणाऱ्यांत एक मराठी बाई होत्या, विजया मुळे. मुंबईत जन्मलेल्या, दिल्लीत शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्राचं काम पाहणाऱ्या. "एक अनेक और एकता" हा १९७४ चा छोटा चित्रपट त्यांचाच, त्यातली चित्रं हलती केली भीमसेन यांनी. तोही आपण सगळ्यांनी पाहिलाय आणि त्यातही आपल्याला गाणंच आठवतं.

खरं तर मराठी माणसाला हे वेड जुनंच. दादासाहेब फाळक्यांनी "राजा हरिश्चंद्र" च्या आधी कुंडीतल्या अंकुराच्या वाढीची फिल्म केली होती, रोज थोडं थोडं चित्रण करत महिनाभर. कशासाठी? तर भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून! पुढे १९१५ मध्ये "आगकाड्यांची मौज" केली, काड्यापेटीतल्या काड्या एक एक चौकट सरकवत. म्हणजे काका, दहा सेकंदांसाठी महिनाभर खपणारा मी पहिला नव्हे.

आमच्याकडे टीव्ही आला तेव्हाची आठवण बहुतेकांची सारखीच असणार. पत्र्यावर अँटेना, वर एक काका, दारात एक चुलतभाऊ, आत आज्जी.

"आलं का?"
"आलं, आलं... गेलं!"
"आता?"
"मुंग्या हायत नुसत्या!"

पुढे अंबाजोगाईजवळ दूरदर्शनचा उंच मनोरा उभा राहिला आणि मुंग्या कमी झाल्या. तो लांबून दिसायचा. एसटीतून जाताना आम्ही पोरं त्याच्याकडे बोट दाखवायचो, यातून "रामायण" येतं म्हणून.

या मुंग्यांमुळेच मला त्या डोळ्याच्या आखणीचं फार कौतुक वाटतं. आज शीर्षक बनवताना मी चकचकीत मोठ्या पडद्याचा विचार करतो. तेव्हा ज्याच्यासाठी बनवायचं त्याच्या घरी काय दिसेल याचा भरवसा नव्हता. चित्र कृष्णधवल, त्यात मुंग्या, कधी वर-खाली पळणारं. शिवाय जुन्या टीव्हीची काच चित्राच्या कडा खाऊन टाकायची, म्हणून महत्त्वाचं सगळं मध्यभागी ठेवावं लागे. बारीक रेघा, नाजूक अक्षरं, कोपऱ्यातली कलाकुसर, सगळं वाया. मग उरतं काय? मोठा, सोपा, मध्यावर बसलेला आकार आणि ओळखू येईल अशी चाल. आमच्या पत्र्यावरच्या अँटेनातून आलेल्या चित्रातही तो डोळा डोळाच दिसायचा. बातम्या देणाऱ्या बाईंचं नाक कुठे आणि कान कुठे ते कळत नसे, पण डोळा कळायचा!

परवा एका स्थानिक वाहिनीसाठी शीर्षक करायचं होतं. मालकांची यादी अशी : कंकालेश्वराचं मंदिर, परळीचा वैजनाथ, योगेश्वरी, ऊसतोडीच्या गाड्या, औष्णिक केंद्राची धुराडी, उगवता सूर्य आणि शिवाय त्यांचा स्वतःचा हात जोडलेला फोटो. दहा सेकंदांत. मी म्हटलं, दादा, एका चित्राला दीड सेकंद पण येत नाही, माणूस बघेल काय? ते म्हणाले, "तुम्ही बसवा, कॉम्प्युटर हाये ना." बसवलं. कॉम्प्युटर आहे ना. या धंद्यातला सगळ्यात मोठा शाप हाच, की आता काहीही बसतं. सरकवायला महिना लागत असता तर त्यांनी स्वतःच पाच गोष्टी वगळल्या असत्या.

जगात हे काम कसं बदलत गेलं ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेत सॉल बॅस यांनी १९५५ मध्ये "द मॅन विथ द गोल्डन आर्म" ची शीर्षकं केली तेव्हापासून लोक शीर्षकांकडे बघायला लागले. जॉन व्हिटनी यांनी १९६० मध्ये कंपनीच काढली, तिच्या नावातच "मोशन ग्राफिक्स" होतं. १९८२ मध्ये ब्रिटनच्या चॅनेल फोरचा रंगीत ठोकळ्यांचा ४ कॉम्प्युटरवर उडाला, आपला डोळा फिरून सहाच वर्षं झाली होती. १९९३ मध्ये आफ्टर इफेक्ट्स आलं, आणि पुढे मराठीत १९९९ ला अल्फा, २००० ला ईटीव्ही सुरू झाल्यावर सोनेरी, चकाकणारी, गरगरणारी अक्षरं घराघरांत आली. माझी रोजीरोटी त्यातलीच, नावं कशाला ठेवू.

दूरदर्शनने डोळा पुढे अनेकदा बदलला, रंगवला, त्याला गोलाई दिली. २०१७ मध्ये तर नव्या चिन्हासाठी लोकांकडून स्पर्धेतून चित्रं मागवली, हजारोंनी आली. तरी डोळा काही गेला नाही. गेले ते मनोरे. २०२२ पर्यंत देशभरातली बहुतेक जुनी जमिनीवरची अॅनालॉग प्रक्षेपणं दूरदर्शनने बंद केली. आता ज्याला बघायचं तो छत्री लावून फ्री डिशवर बघतो, पत्र्यावर कोणी चढत नाही.

काकांना मागच्या आठवड्यात मी ती जुनी सुरुवात मोबाईलवर दाखवली, आवाज बंद करून. म्हटलं, आता फक्त फिरणं बघा. त्यांनी तीनदा बघितलं. शेवटी म्हणाले, "थांबतंय ते ब्येस थांबतंय." मग थोडं गप्प राहून विचारलं, "ह्या मिस्त्रीला किती दिलं आसतील रे?"