पॉवरची पॅडेल रॅकेट घ्यायचीय? आधी स्वतःचा स्विंग तपासा

पॅडेल नियमित खेळणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हा क्षण येतो. समोरून छान उंच लॉब येतो, तुम्ही जीव खाऊन स्मॅश मारता, चेंडू मागच्या काचेवर आपटतो आणि समोरचा खेळाडू तो आरामात परत करतो. मग वाटतं, आपली रॅकेट कमी पडतेय. त्याच रात्री रील्स बघून एखादी 'पॉवर' रॅकेट कार्टमध्ये जाते. प्रो मॉडेल्सच्या किमती युरोपातच ३०० युरोच्या घरात आहेत, त्यामुळे निवड चुकली तर खिशाला चाट बसतेच. त्यातून कोपर दुखावलं तर खेळही थांबतो.

म्हणून पॉवर रॅकेट नेमकी काय करते, ती कोणी घ्यावी आणि कोणी घेऊ नये, हे समजून घेऊया.

पॅडेलमध्ये पॉवर लागते कुठे?

टेनिसमध्ये सर्व्हिस हेच मोठं हत्यार असतं. पॅडेलमध्ये सर्व्हिस कंबरेखालून करावी लागते, त्यामुळे तिथे ताकदीला फार वाव नाही. कोर्टही लहान आहे, २० मीटर लांब आणि १० मीटर रुंद. चारही बाजूंनी काच आणि जाळी असल्याने नुसता जोरात मारलेला चेंडू भिंतीवरून परत येतो आणि समोरच्याचंच काम सोपं करतो.

पॉवरचा खरा उपयोग होतो तो स्मॅशमध्ये. चेंडू समोरच्या कोर्टात टप्पा घेऊन ३ मीटर उंचीच्या बाजूच्या जाळीवरून बाहेर काढायचा, किंवा मागच्या काचेवर आदळून पुन्हा आपल्या बाजूला आणायचा. स्पॅनिश खेळाडू पहिल्या फटक्याला 'पोर त्रेस' म्हणतात. असे गुण सामन्यात मोजकेच मिळतात. बाकी वेळ जातो व्हॉली, लॉब, बंदेहा आणि भिंतीवरून आलेले चेंडू परत करण्यात. रॅकेट निवडताना हा हिशोब डोक्यात हवा.

रॅकेटमध्ये पॉवर येते कशातून?

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार रॅकेट जास्तीत जास्त ४५.५ सेंटीमीटर लांब, २६ सेंटीमीटर रुंद आणि ३८ मिलिमीटर जाड असू शकते. मोठ्यांच्या बहुतेक रॅकेट या मर्यादेच्या जवळपासच असतात. फरक पडतो तो पुढच्या चार गोष्टींमुळे.

१. आकार: गोल रॅकेटचा स्वीट स्पॉट मोठा आणि मध्यभागी असतो. पतंगासारख्या डायमंड आकारात तो वर सरकतो आणि लहान होतो. थेंबाच्या आकाराची, म्हणजे टिअरड्रॉप रॅकेट या दोन्हींच्या मधली. हात वर ताणून मारलेल्या स्मॅशमध्ये चेंडू वरच्या भागात लागतो, म्हणून तिथे डायमंडचा फायदा होतो. व्हॉली घाईत मधोमध लागली, की तीच रॅकेट साथ सोडते.

२. तोल: वजन टोकाकडे झुकलेलं असेल, तर तो हाय बॅलन्स. हातोडी दांड्याच्या टोकाला धरून ठोकली की घाव जोरात बसतो, तसंच हे आहे. पण टोकाला जड असलेली रॅकेट नेटजवळ पटकन फिरत नाही. दोन रॅकेट सारख्याच वजनाच्या असल्या तरी हाय बॅलन्सची रॅकेट हाताला जड लागते.

३. फोम: बहुतेक रॅकेटच्या आत ईव्हीए फोम असतो. खरी मेख इथे आहे. हळू स्विंगला मऊ फोम चेंडू जास्त लांब फेकतो, कारण तो दबतो आणि उसळतो. वेगवान स्विंगला मात्र मऊ फोम पूर्ण दबून जातो आणि ताकद वाया जाते. तिथे कडक फोम कामी येतो. म्हणजे ज्याचा स्विंग मुळात वेगवान नाही, त्याने कडक रॅकेट घेतली तर पॉवर वाढायच्या ऐवजी कमीच होते.

४. पृष्ठभाग: फायबरग्लास लवचिक असतं, कार्बन फायबर त्यापेक्षा कडक. कार्बनच्या रॅकेटवर ३के, १२के, १८के असे आकडे दिसतात. कार्बनच्या एका पेडात किती हजार तंतू आहेत, एवढंच हा आकडा सांगतो. आकडा मोठा म्हणजे रॅकेट जास्त कडक किंवा जास्त दमदार, असा अर्थ होत नाही. ते कार्बनचे थर, रेझिन आणि आतला फोम यांवर ठरतं. खरखरीत फिनिशमुळे स्पिनला मदत होते, पण ते वापराने गुळगुळीत होत जातं.

प्रो खेळाडूंची रॅकेट घ्यावी का?

बाबोलातची टेक्निकल व्हायपर किंवा बुलपॅडेलची व्हर्टेक्स ही डायमंड आकाराच्या पॉवर रॅकेटची ठळक उदाहरणं. हुआन लेब्रोनसारखा आक्रमक खेळाडू व्हायपर घेऊन खेळलेला आहे. पण आर्तुरो कोएयोसोबत जागतिक क्रमवारीत अव्वल ठरलेल्या अगुस्तीन तापियाचं नाव ज्या नॉक्स एटी१० रॅकेटशी जोडलेलं आहे, ती टिअरड्रॉप आहे. तापियाचा स्मॅश जगातल्या सर्वात घातक स्मॅशपैकी एक मानला जातो. म्हणजे मोठा स्मॅश मारायला डायमंडच लागते, असं अजिबात नाही.

शिवाय प्रो खेळाडूंच्या दिमतीला फिजिओ असतो, रोजचा व्यायाम असतो. ऑफिस सुटल्यावर खेळणाऱ्याच्या कोपराला ही सोय नसते.

कोणी घ्यावी?

या प्रश्नांची उत्तरं प्रामाणिकपणे द्या:

• स्मॅशच्या वेळी चेंडू बहुतेकदा रॅकेटच्या एकाच भागावर लागतो का?
• दबावाखालीही बंदेहा खोल पडतो का?
• तिसऱ्या सेटमध्येही स्विंगचा वेग टिकतो का?
• तुम्ही आक्रमणाच्या बाजूने खेळता का? उजव्या हाताच्या खेळाडूसाठी ही बहुधा डावी बाजू असते.
• खांदा, मनगट, कोपर दुखण्यापासून मुक्त आहे का?

पाचही उत्तरं 'हो' असतील तर डायमंड आणि हाय बॅलन्सचा विचार करायला हरकत नाही. एक-दोन 'नाही' असतील तर मध्यम फोमची टिअरड्रॉप जास्त गुण मिळवून देईल. शेवटचं उत्तर 'नाही' असेल, तर जड, कडक आणि टोकाला वजनदार हे त्रिकूट टाळाच. टेनिस एल्बोचा त्रास सुरू असेल तर नवीन रॅकेटआधी डॉक्टर किंवा फिजिओला भेटा.

विकत घेताना काय बघावं?

• वजन: रॅकेटवर '३६० ते ३७५ ग्रॅम' असा पल्ला छापलेला असतो. म्हणजे एकाच मॉडेलच्या दोन रॅकेटमध्ये १५ ग्रॅमपर्यंत फरक असू शकतो. दुकानात काट्यावर वजन करून घ्या.
• ग्रिप: ओव्हरग्रिप चढवली की मुठीकडचं वजन वाढतं आणि तोल थोडा खाली येतो. टोकाला प्रोटेक्टर लावला की उलटं होतं. आदिदासच्या मेटलबोन मालिकेतल्या काही मॉडेलमध्ये छोटी वजनं बदलून तोल हलवता येतो.
• हवामान: उन्हात फोम मऊ पडतो, थंडीत कडक होतो. मे महिन्यात मुंबईत मस्त वाटलेली कडक रॅकेट डिसेंबरच्या सकाळी पुण्यात दगडासारखी लागू शकते. रॅकेट बंद गाडीत तापत ठेवू नका.
• बिल: महागड्या मॉडेलच्या नकला बाजारात फिरतात. अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या आणि वॉरंटीत काय येतं ते विचारा.

डेमोत काय तपासायचं?

बरेच जण डेमो रॅकेटने दहा स्मॅश मारतात आणि खूश होतात. ताज्या हाताने मारलेला स्मॅश कुठल्याही पॉवर रॅकेटने भारीच वाटतो. त्याऐवजी पूर्ण सामना खेळा आणि शेवटच्या अर्ध्या तासात चार गोष्टी बघा: अंगावर आलेली व्हॉली अडवता येते का, मागच्या काचेवरून आलेल्या चेंडूवर लॉब खोल जातो का, बंदेहा ताब्यात राहतो का आणि स्मॅशला दम उरतो का. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपर काय म्हणतंय, तेही बघा.

चारपैकी फक्त स्मॅश सुधारला आणि बाकीचे तीन फटके बिघडले, तर ती रॅकेट दुकानातच राहू द्या. स्मॅशवर मिळालेले दोन गुण व्हॉलीवर गेलेले पाच गुण भरून काढत नाहीत.