प्रेमकथेचा शेवट कोण ठरवतो?

कादंबरी हातात घेतली की आधी शेवटचे पान उघडून पाहायचे, अशी सवय अनेक वाचकांना असते. नायक-नायिका एकत्र येतात एवढे कळले की मग निवांत वाचता येते. पण मुलाच्या प्रेमात पडलेल्या मुलाला किंवा मुलीच्या प्रेमात पडलेल्या मुलीला स्वतःसारख्यांची गोष्ट वाचायची असेल, तर शेवटच्या पानावरचा प्रश्न कित्येक वर्षे वेगळाच होता. दोघे एकत्र येतात का, हा नव्हे. दोघांपैकी जिवंत कोण राहते, हा. हा प्रश्न कसा बदलत गेला, ते आज सांगायचे आहे. मी किशोरवयीनांच्या पुस्तकांची परीक्षणे लिहिते. म्हणूनच या बदलात लेखकांइतकाच समीक्षकांचा आणि ग्रंथपालांचा वाटा आहे, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते.

ही हकिगत मुख्यतः अमेरिकेतली आहे. तिथे बारा ते अठरा वर्षांच्या वाचकांसाठी ‘यंग अडल्ट’ असे कादंबऱ्यांचे स्वतंत्र दालनच आहे. या दालनात समलिंगी आकर्षणाचा विषय प्रथम आला तो १९६९ साली, जॉन डोनोव्हन यांच्या ‘आय विल गेट देअर. इट बेटर बी वर्थ द ट्रिप’ या कादंबरीत. आजीच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांचा डेव्ही न्यूयॉर्कला दारूच्या आहारी गेलेल्या आईकडे राहायला येतो. सोबत त्याचा लाडका कुत्रा. शाळेतल्या एका मित्राशी जवळीक होते, दोघे एकमेकांचे चुंबन घेतात. पुढे कुत्रा मोटारीखाली सापडून मरतो आणि डेव्हीला वाटते, ही आपल्यालाच झालेली शिक्षा आहे. कादंबरी संवेदनशील आहे, लेखकाला मुलाविषयी माया आहे. पण पाप आणि शिक्षा यांची सांगड वाचकाच्या मनात बसायची ती बसतेच.

पुढची काही वर्षे ही मोटार जणू या कादंबऱ्यांचा पाठलागच करत राहिली. इझाबेल हॉलंड यांच्या १९७२ च्या ‘द मॅन विदाउट अ फेस’मध्ये मुलाला जीव लावणारा शिक्षक शेवटी मरण पावतो. सँड्रा स्कॉपेटोन यांच्या १९७४ च्या ‘ट्राइंग हार्ड टु हिअर यू’मध्ये दोन मुलांचे प्रेम उघडकीस येते. त्यांतला एक आपण ‘इतरांसारखेच’ आहोत हे सिद्ध करायला एका मुलीबरोबर बाहेर पडतो आणि मोटारीच्या अपघातात दोघेही दगावतात.

एकेक पुस्तक सुटे वाचले तर यात गैर काही दिसत नाही. शोकांतिका कोणी लिहू नये असे थोडेच आहे? पण सगळी पुस्तके शेजारी शेजारी ठेवली की चित्र दिसू लागते. हे काम केले फ्रान्सिस हँकेल आणि जॉन कनिंगहॅम यांनी. मार्च १९७६ मध्ये ‘विल्सन लायब्ररी बुलेटिन’ या ग्रंथपालांच्या नियतकालिकात त्यांनी एक लेख लिहिला. किशोरांच्या कादंबऱ्यांत समलिंगी तरुणांना सुख सापडेल का, असे त्याच्या शीर्षकातच विचारले होते. त्यांनी चार कादंबऱ्या तपासल्या आणि दाखवून दिले, की या प्रेमाची कोणाला ना कोणाला भयंकर किंमत मोजावी लागते. नाहीतर ते प्रेम तात्पुरते, विसरून जाण्याजोगे ठरते. समीक्षा म्हणजे नुसती तारीफ किंवा टीका नव्हे, ती एक मोजदादही असते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

या लेखामागे एक चळवळ होती. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनमध्ये १९७० साली समलिंगी हक्कांसाठी एक गट स्थापन झाला. १९७१ पासून पुढे पंधरा वर्षे त्याची धुरा वाहिली बार्बरा गिटिंग्ज यांनी. गंमत म्हणजे त्या स्वतः ग्रंथपाल नव्हत्याच. कॉलेजच्या पहिल्या वर्षी त्या वर्ग बुडवून ग्रंथालयांत स्वतःला शोधत फिरल्या आणि सापडल्या त्या विकृती नि मनोविकारांच्या पुस्तकांत. पुढच्या पिढीला तरी बरे काही सापडावे, म्हणून त्यांनी वाचण्याजोग्या पुस्तकांच्या याद्या करून वाटायला सुरुवात केली. यादी ही दिसायला किरकोळ गोष्ट. पण कोणते पुस्तक कपाटात येणार, हे बहुतेक वेळा तीच ठरवते.

अशातच १९८२ साली नॅन्सी गार्डन यांची ‘ॲनी ऑन माय माइंड’ आली. लिझा आणि ॲनी या दोन मुली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये भेटतात आणि प्रेमात पडतात. शाळेत गहजब होतो. एका घरात एकत्र राहणाऱ्या दोन शिक्षिकांना नोकरी गमवावी लागते. म्हणजे इथेही किंमत मोजावी लागतेच. पण मुली जगतात आणि शेवटी एका फोनवर पुन्हा एकत्र येतात. गार्डन स्वतः १९५० च्या दशकात अशा पुस्तकाच्या शोधात होत्या आणि त्यांच्या हाती लागली होती रॅडक्लिफ हॉल यांची १९२८ ची उदास कादंबरी ‘द वेल ऑफ लोनलिनेस’. आपल्याला न मिळालेले पुस्तक त्यांनी लिहिले.

गोष्ट इथे ‘सुफळ संपूर्ण’ झाली नाही. १९९३ मध्ये कॅन्सस सिटी परिसरातल्या शाळांना ही कादंबरी भेट देण्यात आली, तेव्हा तिथे तिच्या प्रती जाळण्यात आल्या. जवळच्या ओलेथ गावच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी ग्रंथालयात आधीपासून असलेल्या प्रतीही काढून टाकल्या. काही विद्यार्थी आणि पालक न्यायालयात गेले. नोव्हेंबर १९९५ मध्ये निकाल लागला: केवळ विचार पटत नाहीत म्हणून पुस्तक हटवणे घटनाबाह्य आहे, ते परत ठेवा. या निवाड्यात कादंबरीने समीक्षकांच्या आणि ग्रंथपालांच्या ‘उत्तम पुस्तकां’च्या याद्यांत मिळवलेल्या स्थानाचीही नोंद आहे. कोणीतरी शांतपणे केलेले परीक्षण तेरा वर्षांनी न्यायालयात कामी आले.

पुढचा प्रवास वेगाने झाला. २००३ मध्ये डेव्हिड लेव्हिथन यांच्या ‘बॉय मीट्स बॉय’ने असे गाव रंगवले, की जिथे मुलाने मुलावर प्रेम करणे ही बातमीच नसते. २०२१ मध्ये मलिंडा लो यांच्या ‘लास्ट नाइट ॲट द टेलिग्राफ क्लब’ला अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. १९५० च्या दशकातल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधल्या मुलीची ही प्रेमकथा. त्या काळातली भीती त्यात कुठेही लपवलेली नाही आणि तरीही ती प्रेमकथाच राहते.

आपल्याकडे काय? मराठीत सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ साली आली. भाऊ आणि बहीण दोघेही घरी राहायला आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात. पात्रे तरुण आहेत, पण ती किशोरांसाठी लिहिलेली कादंबरी नव्हे. भारतीय इंग्रजीत हिमांजली शंकर यांची ‘टॉकिंग ऑफ मुस्कान’ २०१४ मध्ये आली, ती थेट शाळकरी वाचकांसाठी. तिची सुरुवात होते मुस्कानच्या आत्महत्येच्या प्रयत्नाने. मुस्कान वाचते. पण अमेरिकेत १९६९ मध्ये जिथून सुरुवात झाली, त्याच्या आसपासच आपणही सुरुवात केली, हे लक्षात घ्यायला हवे. कलम ३७७ बाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१८ मध्ये आला. कायदा एका दिवसात बदलू शकतो, गोष्टी मात्र एकेक करून लिहाव्या लागतात. आणि मराठीत तर ‘किशोर’नंतर मूल थेट मोठ्यांच्या कादंबरीवर येते, मधले कपाट जवळजवळ रिकामेच आहे.

परीक्षणात शेवट सांगू नये, असा आमच्या कामातला जुना नियम आहे आणि तो योग्यच आहे. या पुस्तकांच्या बाबतीत मात्र मी तो थोडा मोडते. प्रेम सफल होते की नाही, ते मी सांगत नाही. पण मूल शेवटच्या पानापर्यंत जिवंत राहते, हे लिहिते. कारण घरच्यांची नजर चुकवून ते परीक्षण वाचणाऱ्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला पुस्तक उघडण्यापूर्वी तेवढेच कळायला हवे असते.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)