‘स्वतंत्र’ दिग्दर्शक म्हणजे नेमकं कोणापासून स्वतंत्र?

सिनॉप्सिसमध्ये ‘स्वतंत्र चित्रपट दिग्दर्शक’ असं लिहिणार असाल, तर आधी स्वतःला विचारा: कोणापासून स्वतंत्र? आणि मग पैसे कोणी दिले?

मल्याळी दिग्दर्शक जॉन अब्राहम यांचं उदाहरण घेऊ. (हिंदीतला नट नव्हे!) जन्म १९३७चा. आयुर्विमा महामंडळाची नोकरी सोडून ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आले. तिथे ऋत्विक घटक त्यांचे शिक्षक होते. १९८७ मध्ये कोझिकोडेत इमारतीवरून पडून त्यांचं निधन झालं, तोवर नावावर चारच कथापट होते.

त्यांच्याबद्दल वाचायला लागलात की आधी किस्से भेटतात: दारू, भटकंती, फकिरी. वाचायला मजा येते, पण त्यातून सगळी कारकीर्द एका माणसाचा लहरी स्वभाव बनून जाते. व्यवहाराची बाजू दिसतच नाही.

ती बाजू अशी. ब्राह्मण वस्तीत आलेल्या गाढवाची गोष्ट सांगणाऱ्या त्यांच्या ‘अग्रहारत्तिल कळुदै’ (१९७७) या चित्रपटाला उत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण पुरस्कार म्हणजे पुढच्या चित्रपटाचं भांडवल नव्हे. १९८४ मध्ये त्यांनी मित्रांसोबत ‘ओडेसा’ हा गट उभा केला. ही मंडळी गावोगाव चॅप्लिनचा ‘द किड’ दाखवायची आणि लोकांकडून वर्गणी गोळा करायची. त्या पैशांतून ‘अम्मा अरियान’ (१९८६) तयार झाला. एका तरुणाच्या मृत्यूची बातमी त्याच्या आईला सांगायला काहीजण निघतात आणि वाटेत माणसं जोडली जातात, अशी त्याची गोष्ट.

वर्गणीची पद्धत आणि कथेचा आकार किती सारखा आहे ना? इथे मात्र थांबा. साम्य दिसलं म्हणजे कार्यकारण सिद्ध झालं, असं होत नाही. ते तुमचं गृहीतक आहे, निष्कर्ष नव्हे.

म्हणून माझा सल्ला: दिग्दर्शकाच्या चरित्राआधी तीन वह्या करा. पैसा कुठून आला, प्रिंट कुठे कुठे फिरली, बघायला कोण बसलं. निर्मात्यापासून सुटलेला हा दिग्दर्शक शेकडो अनोळखी लोकांवर अवलंबून होता, हे तेव्हाच दिसेल.

वर्गणी देणारे तेव्हा तिशीत असतील, तर आज सत्तरीत आहेत. किस्से पुस्तकांत सापडतील, ते नंतर वाचा. मुलाखती आधी घ्या.