किल्ला कोर्टाचा दरवाजा

माझी वकिली किल्ला कोर्टात सुरू झाली. कागदोपत्री ते एस्प्लनेड कोर्ट, पण आझाद मैदानाजवळ कुणालाही विचारा, किल्ला कोर्टच म्हणेल. दरवाजात टाऊट, म्हणजे वकिलांसाठी गिऱ्हाईक गाठणारे दलाल, उभे असत. हातातल्या पिशवीतून समन्सचा कागद डोकावतोय, माणूस गोंधळून बोर्ड वाचतोय, एवढं त्यांना पुरे. "काय मावशी, कितवं कोर्ट?" थोड्याच वेळात मावशींचा अंगठा वकीलपत्रावर. फीमधला वाटा टाऊटाचा; तो मावशींच्याच पैशातून जातो आणि मावशींना पत्ता नसतो. अशिलाशी पहिली लबाडी झाली ती इथे, कोर्टात उभं राहण्याच्या आधी.

१८९१ साली बॅरिस्टर होऊन आलेल्या गांधीजींनाही मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात सांगितलं गेलं होतं, दलाली द्यावी लागेल. महिन्याला तीन-चार हजार मिळवणारे नामांकित फौजदारी वकीलही देतात, म्हणे. गांधीजींनी साफ नकार दिला. तरी ममीबाई नावाच्या अशिलाचं काम मिळालं, फी ३० रुपये. उलटतपासणीला उभे राहिले आणि डोकं गरगरलं, शब्द फुटेना. लोक ही बुजऱ्या वकिलाची गोष्ट म्हणून सांगतात. मला पुढचं मोलाचं वाटतं: फी परत घ्या आणि पटेल नावाच्या वकिलांना नेमा, असं त्यांनी सांगितलं. पटेलांनी ५१ रुपये घेतले. ३० पैकी निम्मे दलालाला गेले असते, तर परत काय केलं असतं? "तुमच्या केसमध्ये दम नाही, घरी जा" हे सांगणंही दलाली मोजलेल्या वकिलाला परवडत नाही.

पुढे १९६० च्या दशकात मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टांच्या दारात वकील स्वतःच पक्षकारांवर तुटून पडू लागले. कागद हिसकावणं, धक्काबुक्की, एकमेकांपेक्षा कमी फी सांगणं. महाराष्ट्र बार कौन्सिलने त्यांना दोषी धरलं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने सोडलं. कारण काय, तर काम मागत फिरायला मनाई करणारा बार कौन्सिलचा नियम ३६ लागायला वकिलाने ठरावीक माणसाकडे ठरावीक केसचं काम मागायला हवं! येईल त्याच्यावर झडप घातली तर दोष नाही, असाच त्याचा अर्थ. १९७५ साली सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हा अर्थ मोडून काढला. वकिली हा बाजार नव्हे, असं त्या निकालात बजावलं आहे. प्रत्येक ज्युनियरला मी तो वाचायला लावतो.

टाऊटांची यादी करून कोर्टात लावायची तरतूद इंग्रजांच्या १८७९ च्या कायद्यात होती. २०२३ च्या दुरुस्ती कायद्याने तो रद्द झाला, पण ही तरतूद अॅडव्होकेट्स अॅक्टमध्ये कलम ४५ अ म्हणून आली: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यादीत नाव लागतं ते टाऊटाचं. त्याला पैसे मोजणाऱ्या वकिलाला गाठायचं तर बार कौन्सिलकडे तक्रार हवी, आणि मावशींना तर दलालीचा पत्ताच नसतो. ती तक्रार आम्ही, शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या वकिलांनीच, लिहून द्यायला हवी.