रूट कॅनॉलमधले पाणी

कोपरगावात नुसते ‘कॅनॉल’ म्हटले तर दात कोणाला आठवत नाही. आठवतो तो नांदूर मधमेश्वरहून येणारा गोदावरीचा पाट, त्याची आवर्तने आणि शेवटच्या चारीला पाणी पोहोचले नाही म्हणून होणारी भांडणे. दाताच्या कॅनॉलबद्दल मात्र गावात आणि गावाबाहेरही एक मत पक्के बसले आहे: मूळ साफ करते ते मशीन. दवाखाना निवडताना पहिला प्रश्न ‘रोटरी आहे ना?’ हाच. मधूनमधून सिरिंजने सोडतात ते औषधाचे पाणी म्हणजे निघालेला भुसा वाहून नेण्यापुरते, असा समज.

हा पूर्वपक्ष बिनबुडाचा नाही. मशीनवर फिरणाऱ्या निकेल-टायटॅनियमच्या लवचीक फायली, म्हणजे मूळ खरवडणाऱ्या बारीक सुया, आल्या आणि वाकड्या मुळांत काम करणे खूप सोपे झाले. हातातल्या ताठ स्टीलच्या फाईलची जिथे वाट चुकायची, तिथे ही वळणाबरोबर वळते. शिवाय फाईलवर आलेला भुसा डोळ्यांना दिसतो. पाण्याने काय केले ते दिसत नाही.

पण दाताचे मूळ म्हणजे बोअरवेल नव्हे. झुरिकच्या वॉल्टर हेस यांनी गेल्या शतकाच्या आरंभी हजारो दातांच्या पोकळीत रबर भरले, दात विरघळवले आणि उरलेले साचे पाहिले. त्यांत सरळ गोल नळ्या थोड्या. चपट्या पोकळ्या, दोन नळ्यांना जोडणाऱ्या फटी आणि बाजूंना फुटलेल्या चाऱ्याच फार. त्याच शहरात 2001 साली ओव्ह पीटर्स आणि सहकाऱ्यांनी वरच्या दाढांचे सूक्ष्म सीटी स्कॅन फाईल चालवण्यापूर्वी आणि नंतर काढले. तंत्र कोणतेही वापरा, 35 टक्के किंवा त्याहून जास्त भिंतीला फाईल शिवलीच नव्हती. गोल फिरणारे हत्यार गोलच कोरणार. चपट्या पोकळीचे कोपरे जसेच्या तसे.

राहिला थोडा कचरा, तर बिघडले कुठे? 1965 साली काकेहाशी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या दाढा नसेपर्यंत उघड्या करून तशाच सोडल्या. साध्या उंदरांची नस कुजली. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्यांची जगली, इतकेच नव्हे तर भोकावर नवे डेंटिन धरले. म्हणजे दुखणे जंतूंचे. मग जंतू कशाने जातात, एवढाच प्रश्न उरतो. स्वीडनच्या बिस्ट्रॉम आणि सुंदक्विस्ट यांनी तो थेट तपासला. फाईल चालवताना मिठाचे पाणी वापरले, तेव्हा पाचव्या बैठकीला 15 पैकी 8 मुळे जंतुरहित सापडली, 0.5 टक्के सोडियम हायपोक्लोराइट वापरल्यावर 15 पैकी 12. हत्यार तेच, बदलले ते पाणी. (तरीही तीन उरलीच, हे पाण्याच्या कैवाऱ्यांनीही विसरू नये.)

हे हायपोक्लोराइट आपल्याला परके नाही. 1915 मध्ये, पहिल्या महायुद्धात, हेन्री डेकिन यांनी सैनिकांच्या जखमा धुवायला तेच सौम्य करून वापरले. नळाला कित्येक दिवसांनी पाणी येणाऱ्या कोपरगावात टाकीतल्या साठ्यात टाकतात तेही क्लोरीनचेच औषध. फरक एवढा की दाताच्या मुळात त्याला आणखी एक काम असते: कुजलेले मांसल अवशेष ते विरघळवते. फाईलने भिंतीवर लिंपलेला खनिज भुशाचा थर मात्र त्याच्याने निघत नाही, त्यासाठी ईडीटीए नावाचे दुसरे द्रावण लागते.

ठिबक लावलेल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावावे लागू नये. विहिरीच्या पाण्याचे क्षार ड्रिपरमध्ये बसले की तो तार घालून टोकरत बसत नाही; आम्ल सोडतो आणि ते नळ्यांत मुरू देतो. शेवाळासाठी क्लोरीन देतो, पण निराळ्या दिवशी, कारण दोन्ही एकत्र आले तर विषारी वायू सुटतो. दातातही द्रावणांची अशीच गल्लत चालत नाही. ईडीटीए मिसळले की हायपोक्लोराइटचा जोर ओसरतो. क्लोरहेक्सिडीन या दुसऱ्या जंतुनाशकाशी गाठ पडली तर तपकिरी साका धरतो.

मग फाईल फेकून द्यायची का? मुळीच नाही. वाट रुंद केल्याशिवाय सुई खोल जात नाही, आणि सुईच्या टोकापुढे पाणी जेमतेम मिलिमीटरभरच सरकते. टोकाशी हवेचा बुडबुडा अडकला तर तेवढेही नाही. म्हणून अल्ट्रासोनिकने ते हलवतात. फाईल पाट कोरते, इतकेच तिचे श्रेय. ‘एका बैठकीत की दोन?’ हा वाद तर मला अस्थानी वाटतो. उपलब्ध तुलनांतून दात टिकण्याच्या दृष्टीने दोहोंत ठळक फरक दिसलेला नाही.

तेव्हा रोटरीची चौकशी जरूर करावी, पण आधी दातावर रबर डॅम लावतात का ते विचारावे. 1864 पासून वापरात असलेला हा साधा रबरी पडदा लाळेतले जंतू आत येऊ देत नाही आणि औषध घशात उतरू देत नाही. दुसरे विचारायचे ते बाटलीबद्दल. ब्लीचिंग पावडरचे पुडके उघडे राहिले की तिचा दम जातो, हे घराघरात माहीत आहे. हायपोक्लोराइटही उन्हात, उघड्यावर तसेच निवते, आणि मशीन कितीही नवे असले तरी मुळात उतरते ते त्या बाटलीतलेच.