काजारकालीन इराणचा अक्स

फारसी भाषेत छायाचित्राला ‘अक्स’ म्हणतात. अक्स म्हणजे प्रतिबिंब. आरशात किंवा पाण्यात उमटते ते. फारसीकडून मराठीने ‘तसबीर’ हा शब्द घेतला; त्यात मात्र रूप घडविण्याची, आकार देण्याची कल्पना आहे. एकोणिसाव्या शतकातील इराणची छायाचित्रे पाहताना हे दोन्ही शब्द हाताशी ठेवावे लागतात. काचेवर उमटले ते प्रतिबिंब खरे. परंतु काचेसमोर कोणाला बसवायचे, कसे बसवायचे आणि कोणाचे नाव लिहून ठेवायचे, हे ठरविणारा कोणीतरी होताच.

इराणात ही कला राजदरबाराच्या दारातून आली. दागेरची प्रक्रिया पॅरिसमध्ये १८३९ साली जाहीर झाली आणि त्यानंतर तीन-चार वर्षांतच रशियाच्या झारकडून व इंग्लंडच्या राणीकडून आलेली यंत्रे मोहम्मद शाह काजारच्या दरबारात पोहोचली. १८४२ च्या अखेरीस निकोलाय पाव्लोव या रशियनाने तेथे पहिली चित्रे घेतली. १८४४ मध्ये झ्यूल रिशार या फ्रेंच गृहस्थाने शाहची व युवराजाची चित्रे घेतली. हाच युवराज पुढे नासिरुद्दीन शाह झाला आणि त्याने १८४८ ते १८९६ असे जवळजवळ अर्धशतक राज्य केले. १८५८ मध्ये फ्रान्सिस कार्लियाँ हा छायाचित्रकार तेहरानला आला, तेव्हा शाह स्वतः या विद्येचा शिष्य झाला. गुलिस्तान राजवाड्यात ‘अक्कासखाना’ उभा राहिला, आणि १८५१ मध्ये स्थापन झालेल्या दारुल्फुनून या विद्यालयात छायाचित्रण शिकविले जाऊ लागले.

या राजाची खरी नवलाई त्याच्या जनानखान्याच्या चित्रांत आहे. परपुरुषाला तेथे प्रवेश नव्हता. पण यंत्र चालविणारा शाहच असल्याने जे चेहरे एरवी पडद्याआड राहिले असते, ते कागदावर उतरले. अनीस-उद्-दौला ही त्याची आवडती बेगम आखूड घेरदार घागरा नेसून कॅमेऱ्याकडे पाहते. अशा कित्येक चित्रांच्या कडेला शाहने स्वतःच्या हस्ताक्षरात टिपणे केली आहेत. या चित्रांत दोन इतिहास एकत्र नांदतात. एक, अंतःपुरातील वेशभूषेचा, बैठकीचा, दागिन्यांचा. दुसरा, पाहणाऱ्याच्या अधिकाराचा. पती, धनी आणि छायाचित्रकार येथे एकच आहे. समोरच्या स्त्रीची नजर आपल्याला दिसते. तिचे म्हणणे मात्र त्या टिपणांत नाही.

हे म्हणणे हरवले की चित्राचा विपर्यास किती सोपा होतो, याचे उदाहरण आपल्याच काळात घडले आहे. शाहच्या कन्या इस्मत-उद्-दौला आणि ताज-उस्-सल्तना यांची चित्रे एकमेकींत मिसळून, ‘सौंदर्यवती राजकन्या’ म्हणून, तिच्यापायी तेरा तरुणांनी जीव दिल्याच्या कपोलकल्पित कथेसह जगभर फिरविली गेली. ओठावरची लव आणि जाड जुळलेल्या भुवया पाहून लोक हसले. काजारकाळी स्त्रीच्या ओठावरची ती लव सौंदर्याचे लक्षण मानली जात असे, आणि ती ठळक दिसावी म्हणून काजळही वापरले जाई, हे अफसानेह नजमाबादी यांनी २००५ च्या आपल्या ग्रंथात विस्ताराने दाखविले आहे. ज्या ताज-उस्-सल्तनेला थट्टेचा विषय केले, तिने आत्मचरित्र लिहिले. पडदापद्धतीवर आणि राजघराण्यातील संगोपनावर त्यात कठोर टीका केली. हसणाऱ्यांनी चित्र पाहिले, पुस्तक पाहिले नाही.

याच राजघराण्याच्या चित्रांच्या कडेला, किंवा एखाद्या शाहजाद्याला कडेवर घेऊन, आफ्रिकी वंशाची माणसे उभी दिसतात. हे ख्वाजे आणि या दाया गुलाम म्हणून आणलेल्या होत्या. समुद्रमार्गे गुलाम आणण्यास १८४८ च्या फर्मानाने मनाई झाली. गुलामगिरी कायद्याने संपली ती १९२९ मध्ये. मधल्या आठ दशकांत ती घरोघर नांदत होती, याचा पुरावा ही चित्रे देतात. शाहजाद्याचे नाव टिपणात असते. त्याला कडेवर घेतलेल्या स्त्रीचे बहुधा नसते, आणि तिचे असणे सिद्ध करायला तिची आकृतीच तेवढी उरते.

दरबाराबाहेरचा इराण पाहायचा तर आंत्वान सेव्रुगिनकडे वळावे लागते. आर्मेनियन-जॉर्जियन वंशाच्या या कलावंताची तेहरानात चित्रशाळा होती. न्हावी, दरवेश, जोरखान्यातले पहिलवान, भट्टीवरचे नानवाले, सारे त्याने टिपले. युरोपीय प्रवासवर्णनांनी त्याची चित्रे वापरली, पुष्कळदा त्याचे नाव न देता. त्याच्यापाशी सात हजारांहून अधिक काचपट्ट्या होत्या असे सांगतात. १९०८ च्या यादवीत चित्रशाळा उद्ध्वस्त झाली आणि सुमारे दोन हजारच वाचल्या. त्यांतील ६९६ आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहेत.

ती यादवी राज्यघटनेच्या चळवळीतली होती, आणि या चळवळीबरोबर छायाचित्राचा धनीही बदलला. १८९६ मध्ये शाहचा वध करणाऱ्या मिर्झा रजा किरमानीला साखळदंडांत जखडून त्याचे चित्र घेतले गेले. तेथे कॅमेरा अजून सत्तेच्या हाती होता. १९०६ च्या उन्हाळ्यात बारा हजारांहून अधिक लोकांनी ब्रिटिश वकिलातीच्या बागेत आश्रय घेतला, तेव्हाच्या चित्रांत तंबू आहेत आणि अन्न शिजविणाऱ्या अजस्र कढया आहेत. राजा त्यांत कोठेही नाही. १९११ च्या अखेरीस तब्रीझमध्ये रशियन सैन्याने फाशी दिलेल्यांची चित्रे तर साक्षीपुरावा बनली. पुढे पहलवी राजवटीत पुन्हा चक्र फिरले. ८ जानेवारी १९३६ रोजी राणी आणि राजकन्या पडद्याविना समारंभास आल्या. त्या दिवसाचे छायाचित्र स्त्रीमुक्तीचे म्हणून मिरविले गेले. रस्त्यात बळाने चादर ओढली गेलेल्या स्त्रिया त्या चौकटीत नाहीत.

म्हणून या चित्रांचे वाचन एकट्या डोळ्यांनी होत नाही. गुलिस्तान राजवाड्यातील हजारांहून अधिक चित्रसंग्रह इतिहासाचे मोठे भांडार खरेच. पण ते राजाने निवडलेले भांडार आहे. अलीकडे हार्वर्ड विद्यापीठाच्या आश्रयाने काजारकालीन स्त्रियांविषयी जो संग्रह उभा राहिला, त्यात घरगुती छायाचित्रांशेजारी निकाहनामे, पत्रे आणि मिळकतीचे कागद ठेवले आहेत. या शेजारामुळे चित्रातली स्त्री केवळ दृश्य राहत नाही. तिचा मेहेर किती ठरला, घर कोणाच्या नावावर होते, तिने कोणाला काय लिहिले, हे कळू लागते. कडेला उभ्या असलेल्या निनावी दाईसाठी असा कागद क्वचितच सापडतो. तिच्यापुरता तरी आज ‘अक्स’ हाच एकमेव दस्तऐवज आहे, आणि म्हणूनच तो फार सावकाश पाहिला पाहिजे.