पांचवी मागणी

इंग्रजी शब्दकोशांत आमच्या नाशिकजवळच्या देवळालीचें नांव मोठ्या चमत्कारिक अर्थानें जाऊन बसलें आहे. १८६१ च्या सुमारास तेथें गोऱ्या पलटणींची छावणी झाली. ज्या शिपायांची चाकरीची मुदत संपली त्यांना येथें आणून ठेवीत आणि विलायतेच्या जहाजाची वाट पाहावयास लावीत. हीं जहाजें बहुधा हिवाळ्याच्या चार-पांच महिन्यांतच सुटत. त्यामुळें एकदां हंगाम हुकला कीं पुढचा उन्हाळा आणि पावसाळा बराकींत काढण्यावांचून गत्यंतर नसे. त्या रिकामपणांत, तापांत आणि दारूंत कित्येकांचीं डोकीं फिरत. ‘डूलाली टॅप’, म्हणजे देवळालीचा ताप, हा वाक्प्रचार या शिपायांच्या तोंडून विलायतेस पोंचला, आणि ‘डूलाली’ म्हणजे वेडसर हा अर्थ त्या भाषेंत आजही चालतो. नाशिककरांनीं याचा अभिमान बाळगावा कीं खेद मानावा, हें आम्हांस अद्याप ठरवितां आलेलें नाहीं.

पण या विनोदाच्या पोटांत एक गंभीर गोष्ट आहे. चाकरींत ज्याचें शरीर मोडलें, त्या गोऱ्या शिपायाला परतीचें जहाज होतें, इस्पितळ होतें आणि चेल्सी येथील शाही संस्थेचें निवृत्तिवेतन होतें. तें तुटपुंजें असे, वेळेवर मिळेच असें नाहीं. परंतु ज्याच्या चाकरींत माणूस निकामी झाला त्याच्यावर कांहीं देणें लागतें, एवढी कबुली त्यांत होती. त्याच काळांत थळ घाट फोडून इगतपुरीपर्यंत लोहमार्ग आणणाऱ्या मजुरांना, किंवा त्या मार्गानें मुंबईस जाऊन गिरणींत शिरलेल्या आमच्या देशबांधवांना, अशी कबुली कोणीं दिली नव्हती. गिरणींतील माणूस खाटेला खिळला कीं त्याचा माग ‘बदली’कडे जाई, आणि तो बरा होऊन परत आला तर त्याला पुन्हां उभें करावयाचें कीं नाहीं हें जॉबरच्या मर्जीवर असे. १८५५ सालचा एक कायदा होता खरा. पण त्यानें मेलेल्याच्या वारसांना फिर्याद करतां येई, आणि तीही मालकाचा दोष शाबीत केल्यावर. मेला नाहीं, नुसता हात गेला, अशा माणसासाठीं त्यांत कांहींच नव्हतें.

आम्हांस या इतिहासाचा आरंभ १८८४ च्या सप्टेंबरांत झाला असें वाटतें. जोतीराव फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं त्या महिन्यांत परळ येथें गिरणीकामगारांची सभा भरविली. तींत ठरलेल्या मागण्यांचा अर्ज सुमारें साडेपांच हजार सह्यांनिशीं मुंबई सरकारनें नेमलेल्या फॅक्टरी कमिशनकडे जावा अशी योजना होती. मागण्या पांच होत्या. रविवारची सुटी, दुपारीं अर्ध्या तासाची विश्रांति, सकाळीं साडेसहा ते सूर्यास्त एवढेंच काम, आणि पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत पगार, या पहिल्या चार. लोखंड्यांचें नांव निघालें कीं लोक रविवारच्या सुटीची गोष्ट सांगतात, आणि ती सांगण्याजोगी आहेच. १० जून १८९० रोजीं ती सुटी मिळाली. पांचव्या मागणीची आठवण मात्र क्वचितच कोणी काढतो. कामावर असतां मोठी इजा होऊन कामगार कांहीं काळ निकामी झाला, तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा. आणि तो जन्माचा पांगळा झाला तर त्याच्या उपजीविकेची योग्य सोय व्हावी, अशी ती होती.

या मागणीचे शब्द नीट तोलून पाहावेत. तींत भिक्षा नाहीं, दयेची याचना नाहीं, आणि एकरकमी पैसे घेऊन मोकळें होण्याची भाषाही नाहीं; ‘उपजीविकेची सोय’ असे शब्द आहेत. योगायोग असा कीं, त्याच १८८४ सालीं जर्मनींत बिस्मार्कनें अपघातविम्याचा कायदा केला. आजाराच्या विम्याचा कायदा तर त्यानें आदल्याच वर्षीं केला होता. बिस्मार्कला समाजवाद्यांचें बळ मोडावयाचें होतें, ही गोष्ट वेगळी. परंतु परळच्या सभेंतले अर्धपोटी गिरणीकामगार जी गोष्ट मागत होते ती युरोपांतल्या सर्वांत बलाढ्य राज्यानें नुकतीच मान्य केलेली होती. म्हणजे मागणी अवास्तव होती असें म्हणावयाची सोय नाहीं. लोखंडे स्वतः १८९७ सालीं प्लेगला बळी पडले.

पांचव्या मागणीला पहिलें उत्तर येण्यास एकोणचाळीस वर्षें लागलीं. १९२३ सालीं कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला व १ जुलै १९२४ पासून तो अंमलांत आला. मालकाचा दोष शाबीत करण्याची अट गेली, हा त्याचा मोठा गुण. पण त्याचें पहिलें परिशिष्ट वाचतांना आमच्या अंगावर कांटा येतो. तें अवयवांचें दरपत्रकच आहे. उजवा हात कोपरापासून किंवा त्याच्या वर गेला तर कमाईची शक्ति शेंकडा ७० गेली असें धरावें, डावा गेला तर ६०, पाय गुडघ्यावर तुटला तर ६०, एक डोळा ३०, आंगठा २५, तर्जनी १०, बाकीचें कोणतेंही बोट ५. हिशेबाला कांहीं तरी माप हवें हें आम्ही जाणतों. तरी पण विणकराचें बोट आणि हमालाचें बोट सारख्याच किंमतीचें कसें, हा प्रश्न त्या कोष्टकाला कधीं पडला नाहीं. रोगांच्या बाबतींत तर हात आणखीच आंखडता होता. धंद्यापासून जडणारे म्हणून आरंभीं तीनच रोग मान्य झाले: अँथ्रॅक्स, शिशाची विषबाधा आणि फॉस्फरसची विषबाधा. ज्या कापसाच्या धुळीनें मुंबईच्या हजारों कामगारांच्या छात्या भरल्या, त्या धुळीच्या रोगाला त्या यादींत जागा नव्हती.

आणि मुख्य गोष्ट ही कीं, कायद्यानें गेलेल्या अवयवाची किंमत दिली, नोकरी दिली नाहीं. पैसे हातावर ठेवले कीं धनी मोकळा.

यापुढचें पाऊल ज्या गृहस्थांच्या कारकीर्दींत पडलें त्यांचें नाशिकाशीं नातें आहे. २ मार्च १९३० रोजीं काळाराम मंदिराच्या सत्याग्रहास ज्यांच्या नेतृत्वाखालीं आरंभ झाला, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ सालीं व्हाइसरॉयच्या मंडळांत मजूरखात्याचे सभासद झाले. पुढच्याच वर्षीं प्रा. बी. पी. आदारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आंखण्याचें काम सोंपविण्यांत आलें. त्यांचा अहवाल १९४४ च्या ऑगस्टांत तयार झाला आणि त्यांतून १९४८ सालचा कामगार राज्य विमा कायदा उभा राहिला. आजारीपणांत पगाराचा कांहीं भाग मिळण्याची सोय त्यानें केली. क्षय, कुष्ठ, कर्करोग, पक्षाघात, मनाचे विकार अशा दीर्घ दुखण्यांसाठीं ही मुदत पुढें दोन वर्षांपर्यंत वाढविण्यांत आली. शिवाय त्याच्या कलम ७३ नें असें सांगितलें कीं, कामगार आजारीपणाचा लाभ घेत असतां मालकानें त्याला काढूं नये किंवा शिक्षा करूं नये. खाटेवर पडलेल्या माणसाची नोकरी त्या दिवसांपुरती तरी कायद्यानें राखली, ही या देशांत नवीच गोष्ट होती. साताऱ्याच्या आडनांवाच्या एखाद्या सरदाराच्या तलवारीवर जेवढी शाई आम्ही खर्च करतों, तिच्या शतांश जरी आदारकरांच्या वाट्याला आली असती तरी बरें झालें असतें.

पण दिवस भरल्यावर काय? १९५३ सालीं औद्योगिक तंट्यांच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन कपातींत जाणाऱ्या कामगाराला दर पुऱ्या वर्षामागें पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून मिळूं लागला. आणि त्याच दुरुस्तींत एक अपवाद घालून ठेवला. ‘सततच्या अनारोग्या’मुळें ज्याला काढलें त्याची ‘कपात’ झाली असें समजूं नये! म्हणजे गिरणींत माल पडून राहिला म्हणून धडधाकट माणूस गेला, तर त्याला भरपाई. वीस वर्षें राबून त्याची छाती बसली, तर त्याला ती नाहीं. कायदा करणाऱ्यांच्या मनांत दुष्टावा होता असें आम्ही म्हणत नाहीं. आजारपण हा कामगाराचा स्वतःचा दोष, किंवा फार तर त्याचें दैव, ही समजूत किती खोलवर मुरली होती एवढेंच यावरून दिसतें.

या अपवादाचा कस सर्वोच्च न्यायालयांत १९९० च्या अखेरीस लागला. प्रकरण राजस्थानच्या एस. टी. महामंडळाचें होतें, नजर अधू झाल्यामुळें कांहीं मोटारचालकांना काढून टाकण्यांत आलें होतें. निकाल न्यायमूर्ति पी. बी. सावंत यांनीं लिहिला. अधू दृष्टि ही ‘सततच्या अनारोग्यां’त मोडते, तेव्हां ही कपात नव्हे, हें त्यांनीं मान्य केलें, कायद्याचा शब्द त्यांना मोडतां येत नव्हता. परंतु वर्षानुवर्षें रात्रंदिवस गाडी हांकून ज्यांचे डोळे गेले त्यांना दुसरें काम न देतां घालवून देणें अन्यायाचें आहे, असें म्हणून त्यांनीं महामंडळाला पर्यायी काम शोधण्यास, आणि तें नसेल तर सेवेच्या वर्षांच्या मानानें जादा भरपाई देण्यास सांगितलें. कसाऱ्याच्या घाटांतून रात्रीं बसनें प्रवास केलेल्या कोणत्याही नाशिककराला अधू नजरेच्या माणसाच्या हातीं चाक असावें असें वाटणार नाहीं. तशी कोणाची मागणीही नाहीं. चाकावरून उतरलेल्या माणसाला आगारांत तिकिटांच्या हिशेबाला बसवावयाचें, कीं रस्त्यावर सोडावयाचें, एवढाच वाद होता.

त्यानंतर १९९५ चा अपंग व्यक्तींचा कायदा आला, आणि त्याच्या ४७ व्या कलमानें हीच गोष्ट हक्काच्या पायरीवर नेली. नोकरींत असतां अपंगत्व आलें तर काढूं नये, दर्जा उतरवूं नये. तें काम जमेना तर त्याच पगारावर दुसरें द्यावें. दुसरें नसेल तर तें मिळेपर्यंत किंवा निवृत्तीचें वय होईपर्यंत जादा जागा निर्माण करून ठेवावें. लोखंड्यांच्या अर्जांतील ‘उपजीविकेची सोय’ कायद्याच्या भाषेंत उतरण्यास एकशें अकरा वर्षें लागलीं! १९९७ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें आणखी एक पाऊल टाकलें. रक्तांत एच. आय. व्ही. आढळला म्हणून एका सार्वजनिक महामंडळानें आपल्या रोजंदारीवरील मजुराला कामापासून दूर ठेवलें होतें. जो काम करण्यास समर्थ आहे आणि ज्याच्यापासून कामावर इतरांना धोका नाहीं, त्याला केवळ रोगाच्या नांवावर नाकारतां येणार नाहीं, असा निकाल झाला. त्या मजुराचें नांवही न्यायालयानें झांकून ठेवलें, आणि तें योग्यच केलें.

२०१६ च्या नव्या कायद्यानें अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले. आमच्या सुरगाणा-पेठकडील आदिवासी बांधवांत आढळणारा सिकलसेलचा रोगही त्यांत आला, हें चांगलें झालें. मात्र नोकरी टिकविण्याचें जें कलम, तें याही कायद्यांत ‘सरकारी आस्थापने’पुरतें बोलतें. ओझरच्या विमान कारखान्यांतील किंवा नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यांतील कामगार त्याचा आधार घेऊं शकतो; सातपूर-अंबडच्या खाजगी कारखान्यांत कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असलेल्या त्याच्या भावाला त्या कलमाचा उपयोग नाहीं.

आणि सिन्नरच्या विडी वळणाऱ्या बायांचें काय? मांडीवर सूप, सुपांत टेंभुर्णीचीं पानें आणि तंबाखू, आणि हजारी दरावर मजुरी, असा हा धंदा. कारखाना म्हणजे घरचीच ओसरी. पाठ वांकते, तंबाखूची धूळ छातींत जाते, डोळे चुरचुरतात. पण दुखण्याच्या दिवशीं विडी वळली नाहीं तर त्या दिवसाची मजुरी नाहीं, त्यामुळें बडतर्फ करण्याचीही कोणाला गरज पडत नाहीं. १९६६ च्या कायद्यानें घरीं काम करणाऱ्या या बायांना कामगार म्हणून मान्यता दिली. १९७६ सालीं विडीवर उपकर बसवून त्यांच्यासाठीं कल्याणनिधि उभारण्यांत आला. त्यांतून दवाखाने चालले, क्षयाच्या उपचारांस मदत मिळूं लागली. २०१७ च्या जुलैंत वस्तु व सेवा कर आला, आणि तो उपकर रद्द झाला.